सांगते, पण लिहू नको : आदिवासी पाड्यांवर आरोग्य-संशोधन करायला निघालेल्यांसाठी

बाळंतपणानंतर वार (नाळेचा गोळा) लवकर पडावी म्हणून काय देता, असा माझा प्रश्न होता. साठी ओलांडलेली सुईण चुलीपुढे बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगते, पण लिहू नको." मी पेन खाली ठेवलं. तिनं झाड सांगितलं, त्याचा कुठला भाग घ्यायचा ते सांगितलं. त्याच रात्री मुक्कामाच्या शाळेत बॅटरीच्या उजेडात मी ते सगळं लिहून काढलं. विसरायला नको म्हणून.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. संमतीपत्रावर तिचा अंगठा होता, नीतिसमितीची मंजुरी फाइलमध्ये होती, वहीत तिचं नाव नव्हतं. कागद सगळे जागेवर होते, शब्द तेवढा मोडला होता.

कुणी आपल्याला काही सांगतं तेव्हा त्या सांगण्याबरोबर अटी येतात. कुणाला सांगायचं, कधी, किती, आणि ऐकणाऱ्यानं पुढे काय करायचं. आपण माहिती उचलतो आणि अटी तिथेच चुलीपाशी ठेवून येतो. सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य, नर्सिंग, आयुर्वेद अशा शाखांतून प्रबंधासाठी मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार, पालघरकडे जाणाऱ्या मुलामुलींनी या अटी सोबत कशा आणायच्या, ते इथे क्रमानं सांगते.

१. पहिली फेरी बिनप्रश्नावलीची

विषय पुण्या-मुंबईत ठरतो, प्रश्नावली तिथेच छापली जाते आणि गाव शेवटी निवडलं जातं. शक्य असेल तर हा क्रम उलटा करा. पहिले चार-पाच दिवस नुसते जा. आशाताईबरोबर घरं फिरा, आठवडी बाजारात बसा, उपकेंद्राच्या ओट्यावर बसा. एकच प्रश्न विचारा : याआधी इथे कोण कोण येऊन काय विचारून गेलं? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच मिळतं. सिकलसेलसाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) रक्त घेऊन गेले, रिपोर्ट आलाच नाही. मुलांची वजनं केली, फोटो काढले, पुन्हा तोंड दाखवलं नाही. तुमच्या आधीच्या माणसाचं हे कर्ज आता तुमच्या नावावर आहे असं समजा. जमलं तर त्यातला एखादा रिपोर्ट शोधून आणून द्या. माझ्या अनुभवात गावाशी ओळख करून घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दवाखाना कसा हवा ते आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि दंतेश्वरी देवीच्या नावानं ओळखला जाऊ लागला. पुढे लोकांच्या आरोग्य संसदेत कंबर-पाठदुखीचा विषय आला आणि संस्थेनं त्यावरही काम हाती घेतलं. ओझी वाहणाऱ्या, दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या माणसांना काय छळतं ते त्यांनीच सांगितलं. शहरात बसून विषय काढला असता तर पाठदुखी कुणाला सुचली असती?

फेऱ्या आखताना गावाचं कॅलेंडर बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपानं, जुलैत लावणी. कातकरी पाड्यांवर दिवाळीनंतर गेलात तर कुलपं दिसतील, माणसं वीटभट्ट्यांवर असतात. तुमच्या विद्यापीठाच्या सत्रासाठी मोह थांबत नाही.

२. दारं किती, आणि कुठलं आधी

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांवर इतकी संशोधनं झाली की २०१७ साली त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी आचारसंहिता काढली. त्यांच्या एका नेत्याचं, आंद्रिस स्टीनकॅम्प यांचं म्हणणं साधं होतं : यायचं तर दारातून या, खिडकीतून नको. आपल्याकडे अडचण अशी की दारं अनेक असतात, आणि एक उघडलं की बाकीचीही उघडली असं आपण धरून चालतो.

जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र हे पहिलं दार. ते लागतंच, पण त्यानं तुम्ही फक्त रस्त्यावर उभं राहायला पात्र ठरता. सरकारी जीपमधून, अधिकाऱ्यासोबत पहिल्यांदा गावात उतरू नका. त्यानंतर जो "हो" मिळतो तो जीपला मिळालेला असतो.

दुसरं दार ग्रामसभेचं. इथे नवख्या माणसाची हमखास चूक होते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव घेतला म्हणजे झालं, असं वाटतं. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतात, त्यात दोन-तीन जमाती असतात. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता आणि स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. तेव्हा विचारा, इथली ग्रामसभा कुठली? "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची सहमती लागते, आणि विषय समजून घ्यायला तिथे अभ्यासगट बसतात. अशा गावात तुम्हाला दोन-तीन बैठका थांबावं लागेल. थांबा. बायका सभेत बोलत नसतील तर त्यांची वेगळी बैठक घ्या, तीही पाण्याची आणि सरपणाची वेळ सोडून.

तिसरं दार गावातल्या औषधोपचाराच्या जाणकाराचं. पालघरकडे भगत, मेळघाटात भूमका, गडचिरोलीत पुजारी, आणि सगळीकडे सुईण. सरपंचानं "विचारा बिनधास्त" म्हटलं तरी सुईणीचं ज्ञान सरपंचाच्या मालकीचं नसतं.

चौथं दार त्या त्या माणसाचं. ग्रामसभेचा होकार माणसाच्या होकाराची जागा घेत नाही, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे. हे दार चुकलं की काय होतं, ते आपल्याच देशात दिसलं. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पाखाली दिली गेली. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. तपासलेल्या ९५४३ पत्रांपैकी २७६३ अशी निघाली. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा मुद्दाच वेगळा. मुलीच्या आईला कुणी विचारलं नाही, एवढंच इथे लक्षात ठेवा.

३. भाषा आणि दुभाषा

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी-माडिया द्राविड कुळातल्या. मराठी त्यांच्यापासून जितकी दूर आहे तितकी ती हिंदीपासूनही नाही. म्हणून दुभाषा लागतो आणि बहुतेक जण गावातला बारावी झालेला पोरगा पकडतात. अंगावरून जाणं, गर्भ पडणं, नवऱ्याची मारहाण हे प्रश्न त्या पोराच्या तोंडून त्याच्याच काकूला विचारले गेले तर काय उत्तर येणार? बायकांसाठी बाई हवी, आणि ती सून-सासू, जाऊ-नणंद अशा नात्यात अडकलेली नसावी. तिला पूर्ण मानधन द्या, दोन दिवस प्रशिक्षण द्या, आणि ऐकलेलं तिच्यापाशीच राहायला हवं हे तिच्याकडून कबूल करून घ्या. गावात राहायचं तिला आहे, तुम्ही निघून जाणार.

आजारांची नावं टिपताना लगेच डॉक्टरी भाषेत आणू नका. लहान मुलाला धाप लागून पोट उडायला लागलं की कितीतरी गावांत "डब्बा झाला" म्हणतात. वहीत तिथेच "न्यूमोनिया" लिहिलंत तर आईनं काय पाहिलं, कशाला घाबरली, कुणाकडे आधी धावली हे सगळं पुसलं जातं. दोन रकाने ठेवा. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे तुमचा, आणि उजवा रकाना घरी आल्यावरच भरा.

४. संमती म्हणजे बोलणं

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई ही छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९०च्या दशकात ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं. २००३ साली जमातीतल्या एका बाईला विद्यापीठातलं एक सादरीकरण ऐकताना कळलं की तेच रक्त वेगळ्याच अभ्यासाला वापरलं गेलंय. स्किझोफ्रेनिया, आपसातल्या विवाहांचं प्रमाण, पूर्वज कुठून आले असे विषय त्यावर हाताळले गेले होते. आपला जन्म याच दरीत झाला असं मानणाऱ्या लोकांना त्यांच्याच रक्तातून "तुम्ही बाहेरून आलात" असं सांगितलं गेलं. खटले चालले. २०१० मध्ये विद्यापीठानं ४१ जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं.

संमतीपत्रातली भाषा तिथे मोघम होती, आणि आपल्याकडची बहुतेक पत्रं तशीच असतात. छापील पत्र नीतिसमितीसाठी असू द्या, समोरच्या माणसाशी साधं बोला. मी साधारण असं बोलते :

"मावशी, मी शिकायला आले. तुम्ही सांगाल त्यातलं थोडं मी लिहीन. हे कागद पुण्याला जातील, तिथे चार माणसं वाचतील. मग छापलं जाईल. छापलं की कुणीही वाचेल, औषधाची कंपनीसुद्धा. मग मला ते परत घेता यायचं नाही. तर यातलं काय लिहू, काय नको? आत्ता नाही सुचलं तर उद्या सांगा. नंतर वाटलं की चुकून सांगितलं, तरी निरोप धाडा, मी खोडेन."

हे पहिल्या दिवशी बोला, मुलाखत संपल्यावर पुन्हा बोला, आणि दुसऱ्या फेरीला एकदा. रक्त किंवा थुंकी घेणार असाल तर ते कुठल्या शहरात, किती वर्षं, कशासाठी राहणार आणि उरलेल्याचं काय होणार हे ठरवूनच तोंड उघडा. "पुढील संशोधनासाठी" हे दोन शब्द पत्रातून काढा. दुसरं काही करायचं असेल तर पुन्हा जाऊन विचारा. प्रवासखर्च होतो, होऊ द्या.

५. अटींची वही

हा भाग सावकाश वाचा, कारण प्रशिक्षणात हा कुणी शिकवत नाही. मुलाखतीच्या प्रत्येक पानावर एक उभा रकाना आखा, त्याला "अट" नाव द्या. माणूस सांगत असताना जे बंधन घालतो ते त्याच्याच शब्दांत तिथे लिहा. मला भेटलेल्या काही अटी : औषधाचे पैसे घेतले की गुण जातो. नाव मोठ्यानं घेतलं की गुण जातो. मुळी काढायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यायचं, पहाटे कुणाशी न बोलता काढायची. एका वेळी एकालाच शिकवायचं. बायकांनी बायकांनाच सांगायचं.

या अंधश्रद्धा आहेत की नाहीत, हा वाद इथे घालू नका. काही अटींमागे झाड टिकवण्याचं शहाणपण दिसतं, काहींमागे नुसती भगताची मक्तेदारी. तुमच्यापुरत्या दोन्ही अटीच. ज्यानं सांगितलं त्यानं त्या घातल्यात.

मग घरी आल्यावर पानांचे तीन गठ्ठे करा. मोकळं : कुठली रानभाजी कधी खायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरचं : एका कुळात, एका पाड्यात, बायकांमध्ये फिरणारं. हे लेखात यायचं तर त्या कुळाला, त्या बायकांना पुन्हा विचारायचं. बंद : हे वहीतही नको. संशोधनासाठी तुम्हाला बहुधा झाडाचं नाव लागतही नाही. "बाळंतपणानंतर तीनपैकी दोन सुईणी वनौषधी देतात आणि रक्तस्राव थांबला नाही तर दवाखान्यात पाठवतात" एवढं वाक्य आरोग्य यंत्रणेला पुरतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव घातल्यावर लेख वजनदार दिसतो हे खरं, पण ते वजन कुणाच्या खांद्यावर जातं ते बघा.

बारीकसारीक तीन गोष्टी. फोनमधली जागा नोंदवण्याची सोय बंद करून फोटो काढा, नाहीतर झाडाचा पत्ता फोटोबरोबर जगभर फिरतो. रेकॉर्डर चालू असताना मधेच कुणी दुसरं येऊन बसलं तर थांबवून त्यालाही विचारा. आणि जे योगायोगानं कानावर पडलं, देवाच्या जागी, लग्नात, दारूच्या बैठकीत, ते माहिती म्हणून वापरू नका.

माझ्या त्या पानाचं सांगायचं राहिलं. पुढच्या फेरीला मी सुईणीला खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चुलीत घाल." घातलं. त्यानंतर वर्षभर तिनं मला औषधाचं काही सांगितलं नाही. भाकरी मात्र दर खेपेला दिली.

इथे एक खरा पेच आहे, तो लपवत नाही. लिहिल्यानं ज्ञान उघडं पडतं, पण कधी कधी लिहिलेलंच ते वाचवतं. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, कारण जुन्या ग्रंथांचे लेखी पुरावे होते. सुईणीच्या मुळीला ग्रंथ नाही. म्हणून "लिहा" किंवा "लिहू नका" असा सरसकट सल्ला मी देत नाही. दोन्ही बाजू त्या माणसांपुढे ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद ठेवणारी समिती, जागी असेल तर तिच्या नोंदवहीत काय जावं, कुणाला दिसावं, हेही त्याच बैठकीत काढा.

६. जिथे गप्प बसायचं नाही

मेळघाटात आणि इतरत्रही पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईनं चटके दिले जातात. समोर असं बाळ आलं तर काय करणार, हे गावात पाय ठेवण्याआधी ठरवा आणि पहिल्याच ग्रामसभेत सांगून टाका : जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आधी आई-बापाशी बोलेन, मग आशाताईला कळवेन. आधी सांगितलेलं असलं की नंतर ते चुगली ठरत नाही. रीत म्हणून पाहत राहणाऱ्याला आदर करणारा म्हणत नाहीत, आणि रीतच सगळी अडाणी म्हणणाऱ्याला संशोधक म्हणत नाहीत. लिहिताना पाड्याचं नाव नको, बाळाचा फोटो नको, आणि त्या रात्री उपकेंद्राला कुलूप होतं का, हेही त्याच परिच्छेदात लिहा.

७. देणं-घेणं

मजुरी बुडवून बसलेल्याला दिवसाची मजुरी द्या, याबद्दल दुमत नको. भगताला मात्र नोटा पुढे करण्याआधी विचारा. काहींना नारळ-सुपारी चालते, पैसा चालत नाही.

मोठ्या हिशोबासाठी केरळातल्या काणी आदिवासींची गोष्ट माहीत असावी. १९८७ साली अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञ दमले, वाट दाखवणारे काणी दमेनात. ते एक फळ खात होते. खूप आग्रह झाल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली, आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेनं त्यातून 'जीवनी' हे औषध काढलं, कोइमतूरच्या कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधन या बोलीवर दिलं, आणि निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. १९९७ मध्ये त्यासाठी न्यासही झाला. जगभर याचं कौतुक झालं, आणि ते रास्तही होतं. पण सगळ्या वस्त्यांना आधी विचारलेलं नव्हतं, काणींचे वैद्य म्हणजे प्लाथी, त्यांच्यातल्या काहींनी हे ज्ञान विकायलाच विरोध केला, आणि वनखात्यानं वनस्पती गोळा करण्यावर हरकत घेतली. हिशोब चोख होता, पण अट काय होती हे वाट दाखवणाऱ्या दोघा-तिघांपलीकडे कुणी नीट विचारलं नव्हतं.

८. कायद्याचं थोडक्यात

जैवविविधता कायदा २००२ (२०२३ मध्ये दुरुस्ती) : परदेशी व्यक्ती किंवा संस्था सामील असेल तर वनस्पती आणि त्यासंबंधीच्या ज्ञानासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ट) : जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क. परदेशी निधीच्या आरोग्य-संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. मार्गदर्शकांना हे माहीत असतंच असं नाही, म्हणून स्वतः वाचा.

९. परत नेणं

लेख मासिकाकडे पाठवण्याआधी गावात नेऊन वाचा. पीडीएफ नको. चावडीवर बसून, त्यांच्या भाषेत, दुभाषी ताईच्या तोंडून. दोन तास लागतात, मधे पोरं रडतात, कुणी तंबाखू मळत "हे आम्ही असं नव्हतं म्हटलं" म्हणतं. ते वाक्य बदला. आकडे त्यांना आवडले नाहीत म्हणून बदलता येत नाहीत, पण त्यांचं स्पष्टीकरण आकड्यांशेजारी छापता येतं. गावाचं नाव घालायचं की नाही तेही तिथेच विचारा. मेळघाटातल्या पोरांना तीस वर्षं "कुपोषणवाले" हे विशेषण चिकटलंय, ते कुणाच्या लेखांनी चिकटवलं ते आठवा. उलट काहींना नाव हवंही असतं. आम्ही सांगितलं, आमचं नाव घाला. मग आभारात नको, लेखकांच्या यादीत जागा करा.

कॅनडातल्या मूळनिवासी समुदायांनी ('फर्स्ट नेशन्स') १९९८ सालापासून आपल्या माहितीबाबत चार गोष्टी लावून धरल्या आहेत : मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा. आपल्या पाड्यावर ताबा म्हणजे काय, तर गोळा केलेल्या माहितीची एक छापील प्रत, नावं काढून, ग्रामसभेच्या पेटीत. बाकीची प्रत कुणाकडे आहे, कधी नष्ट होणार, ते त्याच प्रतीच्या पहिल्या पानावर तारखेसह.

आणि आवाजाचं. रेकॉर्डिंग करताना म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न विचारायला जड जातं, तरी विचारा : तुम्ही गेल्यावर हे कुणी ऐकावं, कुणी ऐकू नये? काही ठिकाणी मेलेल्याचा आवाज घरात वाजवणं चालत नाही. काही ठिकाणी लेक येऊन म्हणते, आईचा आवाज एवढाच उरलाय, मला द्या. उत्तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून ठेवायला सांगा, म्हणजे फाइल जिथे जाईल तिथे तेही जाईल.